सत्तरपैकी किती?

सत्तरपैकी मार्क म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. पेपर मस्त गेला असं आपल्याला वाटत असतं आणि रिझल्टच्या दिवशी कळतं की तपासणाऱ्याला तसं काही वाटलेलं नाही! पण मित्रांनो, या लेखातले सत्तर मार्क आपले नाहीत. ते एका रुपयाचे आहेत. आणि त्या रुपयाचे मार्क ज्याने एका दुपारी घालवले तो महापुरुष म्हणजे प्रस्तुत लेखक, मेकॅनिकल, थर्ड इयर.

आमचं गाव देवळी तालुक्यात. घरी कापूस, सोयाबीन, थोडी तूर. आई-बाबा, धाकटी बहीण आणि आजी. आजीजवळ सात कलदार आहेत. कलदार म्हणजे जुना चांदीचा रुपया. 'कल' म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. म्हणजे शब्द मुळात आमच्याच ब्रँचचा, हे मला इंजिनिअरिंगला येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं. सातांपैकी दोन राणीछाप, एक 'बोडका' (हा आजीचा शब्द, सातव्या एडवर्डच्या डोक्यावर नाण्यात मुकुट नाही) आणि तीन शेवटच्या राजाचे. हे सहा दर दिवाळीला बाहेर येतात. आजी त्यांना चिंचेच्या कोळानं आणि रांगोळीनं घासते, लखलखीत करते, आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडते. सातवा मात्र वेगळा. तो जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून डाळीच्या डब्यात तळाशी असायचा. काळा कुळकुळीत. तो पूजेला कधी नसायचा. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा आजी म्हणाली, "ते लक्षुमी नोय रे, ते आठवण हाय." तिच्या आईचा तो रुपया. आईला तिच्या आईकडून आला. पुलगावच्या मिलमध्ये कामाला असलेल्या कुणाला तरी तो पगारात मिळाला आणि त्यानं तो खर्च न करता बायकोच्या हातावर ठेवला, एवढीच त्याची कथा घरात माहीत आहे.

गेल्या वर्षी फीचा दुसरा हप्ता भरायचा होता. चौदा हजार. बाबा फोनवर कुणाशी तरी बोलत होते, आवाज बारीक करून. घरात आवाज बारीक झाला की काय ते सगळ्यांनाच कळतं. दुसऱ्या दिवशी मी होस्टेलला निघालो तर आजीनं दाराआड बोलावलं आणि ती चिंधी माझ्या मुठीत कोंबली. "इकून टाक. बाबाले सांगू नोको."

मी नको म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो असं म्हणवत नाही, कारण चिंधी माझ्या खिशातच गेली.

रूमवर येऊन पाहिलं. साल 1911, पंचम जॉर्ज. मोबाइलवर शोधलं आणि उडालोच! हा साधा रुपया नव्हता. पंचम जॉर्जच्या पहिल्याच वर्षाचा हा रुपया. त्यात राजाच्या झग्यावर एक छोटा हत्ती कोरलेला आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघांनीही नाकं मुरडली. सरकारनं नाणी परत घेतली, वितळवली आणि 1912 पासून सोंड नीट केलेला हत्ती आणला. दोन्ही टांकसाळींत मिळून सुमारे 94 लाख रुपये पाडले होते, त्यांतले सुमारे 7 लाखच बाजारात गेले असं सांगतात. म्हणजे एका डिझाइन मिस्टेकमुळं आजीच्या डाळीच्या डब्यात दुर्मीळ वस्तू आली. (डिझाइन अप्रूव्ह कुणी केलं असेल? त्याचा व्हायव्हा पाहायला मजा आली असती.)

पण भाव बघतो तर गोंधळ. हाच रुपया, हेच साल, कुठं दीड हजार तर कुठं वीस-पंचवीस हजार. एकच नाणं, एकच वजन, 11.66 ग्रॅम, बारापैकी अकरा भाग चांदी. मग फरक कशाचा? फरक कंडिशनचा. तिथून मी त्या सत्तर मार्कांपर्यंत पोचलो.

नाण्यांना 1 ते 70 मार्क द्यायची पद्धत अमेरिकेतली. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थानं 1949 साली ती मांडली. तो व्यवसायानं मानसशास्त्रज्ञ. माणसांचे शरीरयष्टीवरून प्रकार पाडणारा म्हणून तो आधीच प्रसिद्ध होता, म्हणजे ग्रेड देण्याची खोड जुनीच! त्याच्याकडे अमेरिकेची जुनी तांब्याची सेंट नाणी होती. त्याचा हिशेब असा की जेमतेम ओळखू येणारं झिजलेलं नाणं जर एक रुपयाला जात असेल, तर तेच नाणं निर्दोष अवस्थेत सत्तर रुपयांना जातं. म्हणून सत्तर. शंभर का नाहीत याला एवढंच कारण. भाव पुढं बदलले, हिशेब केव्हाच मोडला, पण सत्तर राहिले. 1986 नंतर तिकडं नाणी तपासून, मार्क देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि हे मार्क जगभर गेले. आणखी एक गंमत म्हणजे या शेल्डननं एका नामांकित संस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी स्वतःची हलक्या प्रतीची ठेवली होती, हे पुढं उघडकीस आलं. मार्कांची पट्टी बनवणाराच मार्कांत हेराफेरी करणारा निघाला. यावर मी जास्त लिहीत नाही, संपादक मंडळात सर आहेत.

आपल्याकडचे संग्राहक मात्र बोलताना आकडे कमी आणि अक्षरं जास्त वापरतात. फाइन, व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी. पंचम जॉर्जचा रुपया घ्या. नाणं झिजतं ते उंच भागावर आधी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. राजाचा कान, भुवई, दाढीचा फुगवटा, मुकुटाची वरची कड हे त्याचे उंच भाग. दाढी सपाट ढेकूळ झाली, झग्यावरची साखळी गायब, हत्ती की डुक्कर हा वादच मिटलेला, पण अक्षरं आणि साल स्पष्ट, तर फाइन. दाढीत थोडे केस दिसू लागले, साखळी तुटक दिसते, तर व्हीएफ. सगळं दिसतं पण कानावर आणि भुवईवर हात फिरल्याची खूण आहे, तर एक्सएफ. फक्त सगळ्यात उंच टोकांवर घासल्याचा भास, बाकी तेज शाबूत, तर एयू. आणि ज्याला बाजाराचा वाराच लागला नाही ते यूएनसी, म्हणजे कोरं करकरीत.

इथं 'तेज' शब्दावर माझी गाडी घसरली. मी इंग्रजीत लस्टर वाचलं आणि त्याचा अर्थ चकाकी असा लावला. नाणं जितकं चकचकीत तितके मार्क जास्त. आपण नेहमी करतो तसं केलं, रात्रभर अर्धा सिलॅबस वाचला आणि सकाळी पेपरला गेलो.

रविवारी दुपारी, सगळे झोपलेले असताना, होस्टेलच्या बेसिनवर मी आजीचा रुपया धुतला. आधी एक फोटो काढला, 'बिफोर' म्हणून. मग मेसमधून आणलेली चिंच. काळं निघालं पण मनासारखं नाही. मग भांडी घासायची पावडर आणि जुना टूथब्रश. दहा मिनिटांत रुपया आरशासारखा! 'आफ्टर'चा फोटो काढला. रूममेटला दाखवला, तो म्हणाला, भारी बे. मी स्वतःवर खूश.

त्या महिन्यात नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन होतं. सकाळच्या गाडीनं गेलो. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, काचेखाली नाणी, आणि त्यांच्यामागं बसलेली माणसं. मला वाटलं होतं सगळे शेठजी असतील. पण एक रिटायर्ड मास्तर वाटणारे, एक बँकेतले, एक तर आपल्याच वयाचा. मी एका वयस्कर काकांच्या टेबलापाशी थांबलो, कारण तिथं गांधीजी दिसले. 1969 ची जन्मशताब्दीची नाणी. वीस पैशांचं पिवळं, पन्नास पैसे, रुपया, आणि दहा रुपयांचं चांदीचं, 15 ग्रॅम वजनाचं, 80 टक्के चांदी. "कुठले तुम्ही?" काकांनी विचारलं. वर्धा म्हटल्यावर त्यांनी खालून एक पाकीट काढलं. त्यात त्याच निमित्तानं निघालेली नोट. बसलेले गांधीजी आणि मागं चक्क आपला सेवाग्राम आश्रम! ज्या रस्त्यानं आपण रोज ऑटोनं जातो तो आश्रम नोटेवर होता, हे माझ्या गावीही नव्हतं. काकांनी भिंग दिलं, दहापट मोठं दाखवणारं, आणि दोन वीस पैसे शेजारी ठेवले. एक वापरलेलं, एक न वापरलेलं. "फरक सांगा." मी म्हणालो, हे गुळगुळीत आहे. "ते कुणीही सांगेल. आता दुसरं दिव्याखाली हळूहळू फिरवा."

फिरवलं. आणि नाण्यावरून उजेडाचा एक पट्टा गोल फिरला, सायकलच्या चाकाच्या आऱ्या फिराव्यात तसा.

"हे तेज. ही चकाकी नाही," काका म्हणाले.

मी मेकॅनिकलचा आहे कळल्यावर त्यांनी ते माझ्या भाषेत सांगितलं, आणि सांगतो मित्रांनो, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये मला मेटल फ्लो इतका कळला नव्हता. कोरी चकती दोन डायमध्ये दाबली की चांदी मधून कडेकडे वाहते, डायच्या खाचांत शिरते. वाहताना पृष्ठभागावर बारीक बारीक रेघा उठतात, मध्यातून बाहेर जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. उजेड त्या रेघांवरून परततो म्हणून तो फिरणारा पट्टा. बोटं लागून, दुसऱ्या नाण्यांवर आपटून या रेघा आधी जातात, मग चित्र झिजतं. म्हणून जाणकार आधी चित्र बघत नाही, तेज बघतो. आणि एकदा गेलेल्या रेघा कुठल्याही पावडरीनं परत येत नाहीत. येतील कशा? नाणं परत डायमध्ये घालायचं का?

हे ऐकताना माझ्या खिशातला रुपया जड व्हायला लागला होता. तरी काढला.

काकांनी तो दोन बोटांनी कडेनं धरला. (नाणं नेहमी कडेनं धरायचं. मी तळहातावर ठेवून दिला होता.) दिव्याखाली एकदाच फिरवला. मान वर न करता विचारलं, "धुतला?"

"हो."

"कशानं?"

मी सांगितलं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या चेहऱ्यापुढच्या मोकळ्या जागेत शेकडो ओरखडे, सगळे एकाच दिशेनं, माझ्या टूथब्रशच्या दिशेनं. मी त्यांना मोबाइलमधला 'बिफोर' दाखवला. ते फोटो मोठा करकरून खूप वेळ बघत राहिले. काळ्या थराखाली अक्षरांच्या खोबणीत तेज दिसत होतं. दाढीचा केस न् केस सुटा. हत्तीची (किंवा डुकराची) पाठ शाबूत. काळा थर म्हणजे मळ नव्हता, चांदीचा गंधकाशी संयोग होऊन बसलेला पापुद्रा, सिल्व्हर सल्फाइड. शंभर वर्षं शांतपणे साचलेला. कडेला त्यात निळसर-जांभळी झाक होती, पाण्यावर तेल पसरल्यावर दिसते तशी. संग्राहक त्या रंगाचे जादा पैसे देतात!

"असाच आणला असता तर मी एयू म्हणालो असतो," काका म्हणाले. "बारा-पंधरा हजार मीच दिले असते. आता दोन-अडीच." मग जरा थांबून, "सगळेच धुतात हो. चांगल्या घरातलीच नाणी जास्त धुतलेली असतात."

त्यांनी समजूत घातली, पण चौदा हजारांपैकी बारा मी बेसिनमध्ये ओतून आलो होतो.

मी रुपया विकला नाही. अडीच हजारांत काही सुटत नव्हतं आणि आता तो विकायचीही लाज वाटत होती. परतीच्या गाडीत डोक्यात एकच, बाबांना काय सांगू आणि आजीला काय सांगू.

बाबांना सांगावंच लागलं. शनिवारी घरी गेलो, अंगणात कापूस पडलेला होता. बाबा चिडतील वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मधल्याच एका शब्दाला धरून बसले. "म्हणजे नाण्यालेही ग्रेडर असते?"

ग्रेडर हा शब्द आमच्याकडं कापसाचा आहे. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात खरेदी केंद्रावर ग्रेडर असायचा. बाबा लहान असताना आजोबांसोबत बंडीवर बसून जायचे. ग्रेडर बंडीत कोपरापर्यंत हात घालून खालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढायचा, किती लांब तुटतो बघायचा, दाबून ओल बघायचा, कवडी किती ते बघायचा. मग सुपर की एफएक्यू ते एका शब्दात सांगायचा. त्या एका शब्दावर वर्ष ठरायचं. बाबा म्हणाले, रात्रभर रांगेत बंडी उभी असली की आजोबा वरचा पिवळा पडलेला कापूस वेचून काढायचे, आणि ग्रेडर हात घालायचा ते नेमका तळाशी! हिंगणघाट म्हणजे तर इंग्रजांच्या व्यापारात कापसाच्या एका जातीचंच नाव होतं. आमच्या जिल्ह्याला कुणीतरी येऊन आपला माल ओढून, दाबून, उजेडात धरून बघण्याची सवय जुनी आहे.

नाण्यांचंही इकडं तेच होतं म्हणा. शेल्डनच्या कितीतरी आधी आपले सराफ रुपया दगडावर वाजवून खणखणीत की बद्द ते ऐकायचे, आणि झिजलेल्या रुपयाला बट्टा लावायचे. बट्टा म्हणजे कापून घेतलेली रक्कम. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो बट्टा हाच. मोगली काळात तर जुन्या सालाचा रुपया केवळ जुना म्हणून कमी भावानं घ्यायचे. पुढं इंग्रजांच्या 1906 च्या कायद्यात हिशेब आला, वजनात शंभराला दोनपेक्षा जास्त घट असली तर रुपया चलनात धरायचा नाही. तेव्हा झीज म्हणजे गेलेली चांदी, तराजूत मोजता येणारी. आताचा ग्रेडर जे मोजतो त्याला वजन नाही. मी केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर आजीचा रुपया ठेवून पाहिला. 11.63 ग्रॅम. जवळजवळ पुरा. 1906 च्या कायद्यात तो बिनतक्रार पास झाला असता.

फीचं म्हणाल तर बाबांनी अंगणातला कापूस भाव चढायची वाट न बघता त्याच आठवड्यात विकला. क्विंटलमागं किती गेले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिनाभरानं भाव वाढल्याचं मी पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला.

आजी राहिली होती. तिला रुपया परत दिला तेव्हा ती चुलीपाशी होती. चिंधी सोडली. चकचकीत राजा बघून तिनं तो उजेडाला नेला, उलटा केला, परत सुलटा केला.

"हा माहा नोय."

"तोच आहे आजी. मी घासला."

"कायले घासला?"

"जास्त पैसे येतील वाटलं."

ती काही बोलली नाही. पदरानं पुसायला हात उचलला आणि मध्येच थांबवला, जसा काही आता तो पुसायचाही नव्हता. मग म्हणाली, "माह्या मायच्या हातचं काळं होतं त्याच्यावर." मी तिला सल्फाइड सांगणार होतो. नाही सांगितलं. त्या पापुद्र्यात गंधक किती आणि तिच्या आईच्या घामाचं किती, हे काढायची सोय आपल्या लॅबमध्ये नाही.

बरेच दिवस ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलायची, म्हणून मला जास्त लागायचं.

त्यानंतर मी काकांकडं दोनदा जाऊन आलो. नाणी ओळखायला शिकतोय. व्हीएफ आणि एक्सएफमध्ये अजून चुकतो. काका म्हणतात, एकच नाणं सकाळी एक्सएफ वाटतं आणि जेवण झाल्यावर व्हीएफ, तेव्हा जास्त मनावर घेऊ नको. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीच्या पूजेचे सहा रुपये भिंगातून बघितले. साठ वर्षांच्या चिंच-रांगोळीनं राणीच्या भुवया पार गेल्या आहेत, केसांचा अंबाडा ताकातल्या लोण्यासारखा मऊ झालाय. काकांच्या भाषेत 'क्लीन्ड', बट्टा लागलेले. शेवटचे तीन तर 1940 नंतरचे, निम्मीच चांदी. मी हे आजीला सांगितलं तर म्हणाली, "मंग? लक्षुमीले काय मार्क द्याचे हाय का तुले?" आणि चिंच मागितली.

सगळं आवरल्यावर तिनं डाळीच्या डब्यातून चिंधी काढली. मी नको म्हणत होतो. तिनं सोडली, रुपया कडेनं धरला (हे मी शिकवलं नव्हतं) आणि दिव्याजवळ नेला. राजाच्या दाढीखाली, अगदी कडेला, फिकट पिवळसर छटा चढली होती, चहाच्या डागासारखी.

"पाह्य," आजी म्हणाली, "येऊन राह्यलं."